हैदराबादचे फुगे, सोलापूरचं आभाळ आणि वर सापडलेले जंतू नक्की कुणाचे?

आसरा_चौक
हैदराबादहून मोठे फुगे सोडणार आहेत, त्याखालची यंत्रं आपल्या जिल्ह्यात पडू शकतात, हात लावू नका, पोलिसांना कळवा, ही सूचना अधूनमधून पेपरात येते ती सगळ्यांनी वाचली असेल. सध्या ती आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतेय, पण शेपूट जोडून. 'या फुग्यांतून अवकाशातले विषाणू खाली आणतात, डब्याला शिवलं तर रोग होतो.' अक्कलकोटकडच्या गावाहून चुलत्यांचा फोन आला, खरं का रे म्हणून. अफवा आहे म्हणून सांगून मोकळा झालो. नंतर शोधायला बसलो तर दिसलं की आपल्या नारळीकर सरांनी फुग्यातून वरची हवा आणून त्यात जंतू शोधले होते आणि ते सापडलेही होते! तेव्हा जाणकारांनी जरा उलगडून सांगा. तिकडे वर खरंच काही जगतं का? आणि जगत असेल तर ते तिथलंच की इथून गेलेलं?

उपग्रह
मूळचा सोलापूरचा, आता बेंगळुरूत. आधी फुग्याचं सांगतो.

हैदराबादेत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं राष्ट्रीय बलून केंद्र आहे. पातळ पॉलिथिनचे अजस्र फुगे, आत हायड्रोजन. ते ३० ते ४२ किलोमीटर उंच जातात. खाली टांगलेली उपकरणं बहुतेक वेळा खगोलशास्त्राची नाहीतर वातावरण मोजायची असतात. काम संपलं की उपकरणं फुग्यापासून सोडवतात आणि ती रंगीत पॅराशूटवर खाली येतात. विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर अशी एक रेघ ओढा. त्या रेघेच्या आसपास, हैदराबादपासून साधारण २०० ते ३५० किलोमीटरवर ती उतरू शकतात. म्हणून प्रत्येक सूचनेत आपलं नाव असतं. हात लावू नका म्हणतात त्याचं कारण रोग नाही. काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असू शकते, आणि कुणी स्क्रू काढून बघितला की मेहनतीने मिळवलेली मोजमापं गेली. न छेडता कळवणाऱ्याला बक्षीस देतात, हेही त्या सूचनेतच असतं. ग्रुपवर फॉरवर्ड करणाऱ्यांनी नेमकं तेवढं वाक्य गाळलेलं दिसतंय.

जंतूंचं पांढरा_कोट सांगतीलच.

कडक_भाकरी
बक्षीस किती ते आधी सांगा, मग विज्ञान. 😀

पांढरा_कोट
आले. (नवीन लोकांसाठी: मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि पाण्याचे नमुने तपासते.)

तो प्रयोग २००५ च्या एप्रिलमधला. त्याआधी २००१ मध्ये एक झाला होता. प्रकल्प इस्रोचा, मुख्य शास्त्रज्ञ जयंत नारळीकर, फुगा हैदराबादहूनच. त्याखाली ४५९ किलोचा भार, आणि त्यात पोलादाच्या १६ नळ्या. नळ्या आधी निर्जंतुक करून आतली हवा पूर्ण काढलेली. सगळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या, म्हणजे उणे २४६ अंशांच्या आसपास. ठरलेल्या उंचीवर झडप उघडली की बाहेरची हवा त्या थंडीने आत खेचली जाते आणि तिथेच गोठते. पंपाची गरज नाही. पंप नाही म्हणजे पंपातले जंतूही नाहीत, हे त्यातलं खरं कौशल्य. २० ते ४१ किलोमीटरमधली हवा अशी गोळा झाली.

नमुने हैदराबादच्या सीसीएमबीत (पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्र) आणि पुण्याच्या एनसीसीएसमध्ये (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) वेगवेगळे तपासले. दोन प्रयोगशाळा मुद्दाम. मिळून १२ जिवाणूंच्या आणि ६ बुरशींच्या वसाहती वाढल्या. त्यातल्या नऊ पृथ्वीवरच्या माहीत असलेल्या जातींशी ९८ टक्क्यांहून जास्त जुळल्या. तीन मात्र नवीन निघाल्या आणि २००९ मध्ये त्यांची नावं जाहीर झाली: ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्या नावाने जॅनिबॅक्टर हॉयलेई, इस्रोच्या नावाने बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि आर्यभटाच्या नावाने बॅसिलस आर्यभट्टाई. तिन्ही आपल्या जवळच्या भावंडांपेक्षा अतिनील किरणांना जास्त दाद न देणाऱ्या.

आता 'परग्रहावरून आले का' हा प्रश्न. तो दावा त्यांनी केलाच नाही. यावरून पृथ्वीबाहेरचं मूळ सिद्ध होत नाही, पण काम पुढे न्यायला हुरूप येतो, अशाच अर्थाचं निवेदन होतं. वर्तमानपत्रांनी त्यातलं दुसरं अर्धं उचललं.

कडक_भाकरी
मग सरळ म्हणा ना, धुळीबरोबर वर गेले. आपल्याकडे मे महिन्यात वावटळ उठली की अख्खा खळा आभाळात जातो. त्यात काय एवढं.

पांढरा_कोट
@कडक_भाकरी, वावटळ फार तर काही शे मीटर जाते हो. ४१ किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या हजारात जेमतेम तीन भाग. एवढ्या विरळ हवेत कण तरंगत राहत नाही, भराभर खाली येतो. म्हणजे खालून वर पोचवणारं काहीतरी लागतं आणि ते सतत लागतं. ज्वालामुखी, मोठी गडगडाटी वादळं हे उमेदवार आहेत, पण तिथपर्यंतचा हिशेब सोपा नाही. हॉईल आणि त्यांचे सहकारी चंद्र विक्रमसिंघे यांचं म्हणणं होतं की जीवसृष्टी धूमकेतूंबरोबर वरून येत राहते, आणि नारळीकर हॉईल यांचे विद्यार्थी. तरी ज्या कल्पनेबद्दल आपुलकी आहे तिचीच परीक्षा इतक्या कडक पद्धतीने घेणं मला फार मोठं वाटतं.

माझं स्वतःचं मत मात्र 'इथलेच' या बाजूला झुकतं. पहिली गोष्ट, जात नवीन निघाली म्हणजे परकी असं नव्हे. तुमच्या बांधावरच्या चिमूटभर मातीत नाव नसलेल्या कितीतरी जाती निघतील. दुसरी, या तिन्हींची ओळख १६एस आरआरएनए या, पृथ्वीवरच्या सगळ्या जिवाणूंत असणाऱ्या जनुकावरून पटली. म्हणजे त्यांच्या पेशीत ते जनुक आहे आणि आपल्या वंशवेलीवर त्यांना जागा मिळते. आणि तिसरी, बॅसिलस आर्यभट्टाई नंतर जगभर ठिकठिकाणी पिकांच्या मुळांजवळच्या मातीत सापडला आहे. आता तर त्याचं कूळ बदलून प्रिस्टिया केलंय.

रमा_जुळे_सोलापूर
वाचतेय. छान चाललंय. मी लहानपणी ऐकलं होतं की चंद्रावर सोडलेल्या कॅमेऱ्यात जंतू अडीच वर्षं जिवंत राहिले. ते खरं का?

उपग्रह
@रमा ताई, ही गोष्ट म्हणजे या धाग्याचा गाभाच.

सर्व्हेयर ३ हे यान एप्रिल १९६७ मध्ये चंद्रावर उतरलं. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ त्याच्या चालत जाण्याच्या अंतरावर उतरलं. पीट कॉनराड आणि ॲलन बीन तिथे गेले, कॅमेरा कापून काढला आणि पृथ्वीवर आणला. तपासणीत आतल्या फोमच्या एका तुकड्यातून स्ट्रेप्टोकॉकस मायटिस वाढला. हा आपल्या तोंडात-घशात राहणारा साधा जिवाणू. निष्कर्ष काढला गेला की यान जोडताना कुणाच्या तरी शिंकेतून तो आत गेला आणि निर्वात पोकळी, किरणं, दिवसाची भाजणी आणि रात्रीचा गारठा सोसून टिकला. पुस्तकांत, भाषणांत सगळीकडे हीच गोष्ट गेली.

पुढे २०११ च्या सुमारास जुन्या नोंदी आणि चित्रफिती पुन्हा नीट पाहिल्या गेल्या. कॅमेरा उघडणाऱ्यांच्या अंगात अर्ध्या बाह्यांचे कपडे, हात उघडे, हत्यार निर्जंतुक नसलेल्या जागेवर टेकलेलं. म्हणजे जंतू चंद्रावरून आला यापेक्षा तपासणीच्या टेबलावरच पडला ही शक्यता जास्त. चंद्रावर तग धरणं अशक्य आहे असं यावरून ठरत नाही. फक्त हा पुरावा त्या कामाचा नाही.

आसरा_चौक
म्हणजे चाळीसेक वर्षं ज्याला आपण अवकाशवीर म्हणत होतो तो कुणाच्या तरी मनगटावरचा निघाला! पण मग वर काही जगतच नाही का?

पांढरा_कोट
जगतं की, आणि त्याला आता नीट पुरावे आहेत. पण 'जगतं' म्हणजे वाढतं असं नव्हे, तग धरतं.

बॅसिलस कुळातले जिवाणू उपाशी पडले की बीजाणू करतात. आत पाणी अगदी कमी, कॅल्शियमबरोबर डायपिकोलिनिक आम्ल गच्च भरलेलं, डीएनएला प्रथिनं चिकटलेली, बाहेर कवचावर कवच. अमेरिकेच्या एलडीईएफ नावाच्या उपग्रहावर असे बीजाणू १९८४ ते १९९०, जवळजवळ सहा वर्षं वर राहिले. किरणांपासून आडोसा मिळालेल्यांतले बरेच परत आल्यावर वाढले. निर्वात पोकळी त्यांना फारसं करत नाही. मारतात ते सूर्याचे अतिनील किरण.

दुसरा डायनोकॉकस रेडिओड्युरन्स. १९५६ मध्ये अमेरिकेत डबाबंद मांस गॅमा किरणांनी निर्जंतुक करून बघत होते, तरी डबा नासला. आतून हा निघाला. माणूस ५ ग्रे किरणोत्सारात दगावू शकतो, हा ५,००० ग्रे पचवतो. त्याचा डीएनए तुटतो, तुकडे होतात, पण जनुकसंचाच्या अनेक प्रती जवळ असल्याने तो काही तासांत जुळवून घेतो. जपान्यांनी तान्पोपो प्रयोगात याच्या वाळलेल्या गोळ्या अवकाश स्थानकाच्या बाहेर तीन वर्षं ठेवल्या. अर्ध्या मिलिमीटरहून जाड गोळ्यांत वरचा थर मेला आणि त्याच्याच आडोशाला आतले वाचले. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. अर्धा मिलिमीटर! या एका आकड्याने मी चाट पडले होते.

माळदांडी
मोहोळकडचा शेतकरी हाय. सगळं समजलं असं न्हाय, पण वाचायला लई भारी वाटतंय. एक विचारतो. २०१८-१९ च्या पावसाळ्यांत सोलापुरातून विमानं उडायची, ढगात कायतरी सोडायची. ते पण जंतूच का? आमच्याकडं लोकं म्हणायची की विमानानं ढग पळवले.

उपग्रह
@माळदांडी दादा, जंतू नव्हते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचा कॅपीक्स हा ढग पेरण्याचा, म्हणजे कृत्रिम पावसाचा प्रयोग होता, सोलापूर त्याचं मुख्य ठाणं. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, ढग येतात आणि न बरसता जातात, म्हणूनच निवडलं. सोडत होते ते कॅल्शियम क्लोराईडचे कण. ते पाणी ओढून घेतात, थेंब मोठे होतात.

आणि यातली मला आवडलेली गोष्ट ढग पळवणाऱ्यांना मुद्दाम सांगा. एकूण २७६ ढगांचा अभ्यास झाला. त्यातले काही पेरले आणि काही पेरण्याजोगे असूनही मुद्दाम सोडून दिले. नाहीतर पडलेला पाऊस पेरल्याने पडला की तसाही पडणार होता, हे कळणार कसं? तुलनेत पेरलेल्या बाजूला सुमारे १८ टक्के जास्त पाऊस मिळाला. नसलेला ढग त्यातून तयार होत नाही, हेही तितकंच खरं.

पांढरा_कोट
अवांतर, पण जंतूंचा ढगाशी संबंध आहेच. स्यूडोमोनास सिरिंजी हा पिकांवर रोग पाडणारा जिवाणू. शुद्ध पाण्याचे बारीक थेंब उणे ३८ अंशांपर्यंत न गोठता राहू शकतात. या जिवाणूच्या अंगावरचं एक प्रथिन पाण्याच्या रेणूंना बर्फाच्या रचनेत बसवतं, त्यामुळे उणे दोन अंशांनाच बर्फ धरतो. पानावर दहिवर गोठवून पेशी फोडायच्या आणि आत शिरायचं, हा त्याचा धंदा. तो ढगांतल्या पाण्यात आणि गारांतही सापडतो. परदेशात घसरगुंडीच्या मैदानांवर कृत्रिम बर्फ पाडायला याचंच मेलेलं पीठ वापरतात.

माळदांडी
म्हंजी गारपिटीत पण ह्याचा हात असंल! ज्वारी आडवी झाली की आता कुणाला शिव्या घालायच्या ते कळलं.

बीएस्सी_दुसरं_वर्ष
मॅडम, एक शंका. आपले जंतू इतके चिवट आहेत तर मंगळावर यानं पाठवताना ते जात नाहीत का? उद्या तिथे काही सापडलं तर तेही मनगटावरचं निघायचं.

उपग्रह
नेमकी हीच भीती. १९६७ च्या अवकाश करारात नववं कलम आहे: दुसऱ्या ग्रहगोलांना घातक रीतीने दूषित करायचं नाही आणि तिकडून आणलेल्या वस्तूंनी पृथ्वीलाही नाही. त्यावर कोस्पार ही आंतरराष्ट्रीय समिती नियम ठरवते. मंगळावर उतरणाऱ्या साध्या यानावर जास्तीत जास्त तीन लाख बीजाणू चालतात, चौरस मीटरला ३००. शून्य कुणी मागत नाही, कारण शून्य होतच नाही.

१९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या दोन्ही व्हायकिंग यानांना तर अख्खंच्या अख्खं भट्टीत घातलं होतं, सुमारे ११२ अंशांना ३० तास. इतकं करून तिथल्या मातीत पोषक द्रव टाकल्यावर वायू निघाला तेव्हा काही काळ खळबळ उडाली. त्या प्रयोगाचे शास्त्रज्ञ गिल्बर्ट लेविन आयुष्यभर म्हणत राहिले की ते जीवनच. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार सापडले. रासायनिक खुलासा जास्त पटण्याजोगा ठरला.

शनीभोवतीचं कॅसिनी यान सप्टेंबर २०१७ मध्ये शनीच्याच वातावरणात का जाळलं, तर इंधन संपत आलं होतं. दिशाहीन होऊन ते शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावर आदळलं असतं तर? त्याच्या बर्फाखाली समुद्र आहे, फवारे बाहेर उडतात. त्याआधी २००३ मध्ये गॅलिलिओ यानाला गुरूचा चंद्र युरोपा वाचवण्यासाठी गुरूत घातलं होतं.

उलट बाजूचं उदाहरण: एप्रिल २०१९ मध्ये इस्रायलचं बेरेशीट चंद्रावर आदळलं, आणि त्यात वाळवलेले टार्डिग्रेड, म्हणजे ते आठ पायांचे सूक्ष्म 'पाणअस्वल', ठेवले होते हे लोकांना नंतर कळलं. मला हा सरळसरळ आगाऊपणा वाटतो. चंद्रावरचे नियम सैल आहेत म्हणून काहीही नेऊन टाकायचं?

पांढरा_कोट
तीन लाखांचा आकडा मोजतात कसा ते सांगते, तुमच्या अभ्यासक्रमात कामाला येईल. यानाचा पृष्ठभाग ओल्या बोळ्याने पुसायचा, बोळा पाण्यात झटकायचा, ते पाणी ८० अंशांना १५ मिनिटं ठेवायचं. साधे जिवाणू मरतात, बीजाणू राहतात. मग पोषक माध्यमावर वाढवून वसाहती मोजायच्या. जे माध्यमावर वाढतच नाहीत ते मोजणीत येत नाहीत, ही या पद्धतीची उणीव.

आणि यानं जोडतात त्या क्लीनरूममधली गंमत! सगळं इतकं पुसून-धुऊन काढायचं की फक्त हट्टी तेवढे उरतात. दुधाला विरजण लावावं तसं आपणच निवडून लावल्यासारखं. टेर्सिकॉकस फिनिसिस हा जिवाणू जगात दोनच ठिकाणी सापडला होता: फ्लोरिडात फिनिक्स यान जिथे जोडलं त्या खोलीत आणि दक्षिण अमेरिकेतल्या कुरू इथल्या क्लीनरूममध्ये. काही ॲसिनेटोबॅक्टर तर फरशी पुसायच्या द्रवावरच गुजराण करू शकतात असं दिसलंय. अवकाश स्थानकाच्या हवेच्या गाळणीतून निघालेल्या एका नव्या जातीला २०१७ मध्ये कलाम सरांचं नाव मिळालं, सोलिबॅसिलस कलामाय. तोही इथूनच गेलेला असणार, पाहुण्यांच्या कपड्याला चिकटून.

कडक_भाकरी
आता मला पटायला लागलंय. पण या सगळ्याचा माळदांडीला उपयोग काय? बक्षीस किती ते तर कुणी सांगितलंच नाही.

माळदांडी
मला सांगा वर पेरणी होती का. पेपरात मेथीचं वाचलं होतं.

उपग्रह
होते. डिसेंबर २०२४ मध्ये पीएसएलव्ही रॉकेटच्या शेवटच्या टप्प्यालाच फिरती प्रयोगशाळा करून इस्रोने त्यात चवळीच्या आठ बिया ठेवल्या. चार दिवसांत मोड आले, मग पानंही फुटली. २०२५ च्या जून-जुलैत शुभांशू शुक्ला स्थानकावर गेले तेव्हा मूग आणि मेथी नेली. तो प्रयोग धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि तिथल्याच आयआयटीचा, म्हणजे आपल्या शेजारचाच. टार्डिग्रेडही होते बरोबर, यावेळी रीतसर.

आणि खताचा युरिया वर बांधकामाला लागेल अशी चिन्हं आहेत. बेंगळुरूच्या आयआयएससीत चंद्रावरच्यासारख्या मातीत स्पोरोसार्सिना पाश्चुराय हा जिवाणू, युरिया, कॅल्शियम आणि गवारीचा डिंक घालून विटा केल्यात. जिवाणू युरिया फोडतो, चुनखडी तयार होते, मातीचे कण जखडले जातात. २०२० पासून त्यावर काम चाललंय. सिमेंटची गोणी चंद्रावर न्यायची म्हटली तर भाडंच परवडणार नाही.

माळदांडी
गवारीला भाव आला तर कळवा.

बीएस्सी_दुसरं_वर्ष
मॅडम, आमच्या प्रोजेक्टला मी हे करू का? कॉलेजच्या गच्चीवर, तळमजल्यावर आणि बाहेर रस्त्यालगत जंतू वाढवायच्या प्लेटी उघड्या ठेवायच्या आणि कुठे किती जंतू पडतात ते बघायचं. गच्चीवर ऊन जास्त, तिथे कमी यायला हवेत.

पांढरा_कोट
जरूर कर. पण तुझ्या यादीत एक प्लेट कमी आहे: जी गच्चीवर नेलीस, तिथे ठेवलीस, परत आणलीस, पण झाकण उघडलंच नाहीस ती. त्यावर काही वाढलं तर बाकीच्या सगळ्या मोजण्या कचऱ्यात. पर्सिव्हिअरन्स मंगळावर ४३ नळ्या घेऊन गेलंय, त्यातल्या पाच साक्षी नळ्या आहेत. त्यांत मंगळाचा दगड भरायचाच नाही. यानाबरोबर आपली घाण किती आली तेवढंच त्या टिपणार. एवढ्या महागड्या यानात पाच जागा रिकाम्या ठेवायचं धाडस कुणीतरी भांडून मिळवलं असणार.

ऊन म्हणशील तर दुपारी प्लेट उघडी ठेवलीस की आतलं आगर, म्हणजे जंतूंच्या खाद्याची जेलीच वाळून तडकेल, सोलापूर आहे हे. शिवाय पडणारे जंतू कमी की पडल्यावर मेलेले जास्त, हे वेगळं करता यायला हवं. सकाळी सातला आणि रात्री आठला ठेव, प्रत्येक जागी तीन-तीन प्लेटी, वेळ सारखा. वाढलेल्या प्लेटी उघडून वास घ्यायचा नाही, फोटो झाकणावरूनच.

बीएस्सी_दुसरं_वर्ष
माध्यम घरी उकळून केलं तर चालेल का? लॅबमधला ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) बंद आहे.

पांढरा_कोट
नुसतं उकळून नाही, १०० अंशांना बीजाणू मरत नाहीत, वर एवढी चर्चा झाली की. प्रेशर कुकर चालेल. वजनाची शिट्टी असलेला घे, पूर्ण दाबाला तो १२० अंशांच्या जवळ जातो. वाफ भरून आली की गॅस बारीक करून २० मिनिटं. वाफेतली १५-२० मिनिटं म्हणजे कोरड्या उष्णतेचे कितीतरी तास, व्हायकिंगला ३० तास लागले ते त्यामुळेच. बाटलीचं बूच अर्धवट सैल ठेव, आणि कुकर आपोआप निवल्याशिवाय उघडू नकोस. वापरून झालेल्या प्लेटीही टाकण्याआधी त्यातूनच काढायच्या. त्यानंतर त्या कुकरात वरण लावायचं नाही, आईला आधी विचारून घे.

रमा_जुळे_सोलापूर
आई नाहीच म्हणणार. माझ्याकडे जुना पाच लिटरचा पडून आहे, रिंग नवी टाकावी लागेल. व्यक्तिगत निरोप कर, घेऊन जा.